रक्तप्रवाहाचे पुनरागमन आणि आतड्याची इजा : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

शरीराच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबला की तेथील पेशी मरू लागतात आणि तो पूर्ववत झाला की त्या जगतात, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीतक चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. काही काळ रक्तावाचून राहिलेल्या अवयवात रक्त पुन्हा वाहू लागते तेव्हा त्या रक्ताबरोबर येणारा प्राणवायूच पेशींना नव्याने इजा करतो. १९६० मध्ये रॉबर्ट जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयावरील प्रयोगांत या घटनेकडे लक्ष वेधले. पुढे मेंदू, मूत्रपिंड, यकृत आणि आतडे यांतही ती आढळून आली. वैद्यकात रक्तपुरवठ्याच्या खंडाला 'इस्केमिया' व रक्त परतल्यानंतरच्या इजेला 'रिपरफ्युजन इंज्युरी' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांसाठी अनुक्रमे 'रक्तखंड' आणि 'पुनःप्रवाह इजा' या संज्ञा वापरल्या आहेत.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. अडकलेल्या हर्नियाचा रुग्ण रुग्णालयात येतो, तातडीने शस्त्रक्रिया होते, काळवंडलेले आतडे मोकळे केले जाते, शल्यविशारद 'ऑपरेशन व्यवस्थित झाले' असे सांगतात. आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला श्वास घेणे कठीण होते, लघवीचे प्रमाण घटते. अशा वेळी 'ऑपरेशन बिघडले असणार' असा निष्कर्ष नातेवाईक काढतात. तो प्रत्येक वेळी खरा नसतो. अनेकदा या बिघाडाची बीजे शस्त्रक्रियेच्या आधी, घरी दुखणे अंगावर काढलेल्या तासांत पेरली गेलेली असतात. ती कशी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. आतड्याची रक्तव्यवस्था

विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेच्या अवयवांकडे जातो. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याला मुख्यत्वे एकाच मोठ्या रोहिणीच्या शाखांतून रक्त मिळते. आतड्याच्या भित्तीत आलेल्या रक्तापैकी बहुतांश रक्त सर्वांत आतल्या श्लेष्मल अस्तराकडे वळते, कारण अन्नरस शोषण्याचे काम तेथेच चालते.

या अस्तरावर मखमलीच्या लवीप्रमाणे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात. रसांकुराच्या रचनेतच त्याचे दौर्बल्य दडलेले आहे. त्यात वर चढणारी सूक्ष्म रोहिणी व खाली उतरणारी सूक्ष्म नीला एकमेकींच्या अगदी निकट असतात. त्यामुळे रोहिणीतील प्राणवायूचा काही भाग टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शेजारच्या नीलेत झिरपतो. चाळीतील नळाला पाणी कमी आले की वरच्या मजल्यावर पहिली टंचाई जाणवते, तसेच येथे घडते. रक्तप्रवाह मंदावला की रसांकुराच्या टोकावरील पेशी सर्वांत आधी गुदमरतात. तळाशी असलेल्या खोबणींतील मूलपेशी मात्र अधिक काळ तग धरतात. निरोगी आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते, ते या मूलपेशींमुळेच. म्हणून टोके झडली तरी तळ शाबूत असेल तर अस्तर पुन्हा उभे राहते. तळ गेला तर ते राहत नाही.

१९७० मध्ये चियू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्तराच्या या हानीची शून्य ते पाच अशी श्रेणी ठरवून दिली. टोकाशी पेशींचा थर किंचित उचलला जाणे ही तिची पहिली पायरी, तर अस्तर विरघळून रक्तस्राव व व्रण होणे ही शेवटची. संशोधक आजही या श्रेणीचा आधार घेतात.

३. रक्तपुरवठा खंडित होण्याची कारणे

आतड्याचा रक्तपुरवठा पुढील कारणांनी खंडित होऊ शकतो.

(अ) अडकलेला हर्निया : पोटाच्या भित्तीतील दुर्बल जागेतून आतड्याचा वेढा बाहेर येतो व तेथील कड्यात आवळला जातो. हर्निया हा आजार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत आंत्रवृद्धीचा समावेश आहे. मराठीत 'अंतर्गळ' हा शब्दही रूढ आहे.
(आ) आतड्याला पीळ पडणे किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात तयार झालेल्या चिकट पट्ट्यांत ते अडकणे.
(इ) हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या रुग्णात हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी वाहत येऊन आतड्याच्या रोहिणीत अडकणे.
(ई) मोठा रक्तस्राव, जंतुदोष किंवा हृदयविकार यांमुळे रक्तदाब फार खाली जाणे. अशा वेळी शरीर मेंदू व हृदय यांना वाचविण्यासाठी आतड्याकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. वाहिनीत कोठेही अडथळा नसतानाही आतडे उपाशी राहते.

पहिल्या दोन प्रकारांत एक विशेष दिसतो. नीलेची भिंत पातळ असल्याने आवळले जाताच प्रथम नीला बंद होते. रक्त आत येत राहते, पण बाहेर पडत नाही. आतडे सुजते, जांभळे पडते, आणि सूज वाढून अखेरीस रोहिणीही दाबली जाते. म्हणूनच 'गाठ थोडी कडक झाली आहे, सकाळी पाहू' असे म्हणण्यात धोका आहे. सकाळपर्यंत गाठ जशीच्या तशी राहत नाही; आतला फास अधिकच आवळत जातो.

४. रक्तखंडाच्या काळात पेशीत काय घडते?

पेशी आपली सर्व कामे एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या बळावर करते. प्राणवायू मिळेनासा झाला की एटीपीची निर्मिती घटते. पेशीच्या आवरणावरील सोडियम बाहेर टाकणारे पंप मंदावतात, सोडियम व पाणी आत साचते आणि पेशी फुगते. कॅल्शियमची पातळी वाढते. प्राणवायूविना चालणाऱ्या चयापचयामुळे लॅक्टिक आम्ल साठते. ही झाली रक्तखंडाची प्रत्यक्ष हानी.

याच काळात पेशीत दुसरीही एक तयारी नकळत होत असते. वापरलेल्या एटीपीचे तुकडे होत होत हायपोझँथीन हा पदार्थ साचत जातो. या पदार्थावर काम करणारे विकर, म्हणजेच एंझाइम, आतड्याच्या अस्तरात विपुल असते. रक्तखंडात त्याचे रूप बदलते व त्याचा काही भाग 'झँथीन ऑक्सिडेज' होतो. या बदललेल्या रूपाला काम करण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि काम करताना ते सुपरऑक्साइड हा अत्यंत क्रियाशील मुक्त मूलक निर्माण करते. याखेरीज पेशीतील ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, सक्सिनेट नावाचा पदार्थ साचतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील संशोधनाने दाखवून दिले. प्राणवायू परतताच हे साचलेले सक्सिनेट वेगाने जळते आणि त्यातूनही सुपरऑक्साइड बाहेर पडतो.

म्हणजेच रक्तखंडाच्या काळात पेशीत जळण रचले जाते. ते पेटण्यासाठी केवळ प्राणवायूची उणीव असते.

५. रक्त परतल्यानंतर

अडथळा दूर होऊन रक्त परतते तेव्हा पुढील घटनाक्रम सुरू होतो.

पहिला टप्पा रासायनिक स्वरूपाचा असून तो काही क्षणांत सुरू होतो. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या सान्निध्यात हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. पेशीच्या आवरणातील मेदद्रव्ये, प्रथिने व जनुकद्रव्य यांवर ते आघात करतात. शरीराजवळ यावर उतारा नसतो असे नाही. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे रक्षक विकर मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले होते. परंतु एकाएकी आलेल्या लोंढ्यापुढे हे संरक्षण तोकडे पडते.

दुसरा टप्पा दाहाचा. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वाहिन्या सैल ठेवणारा वायू कमी पडतो. अस्तरावर जणू काटे उगवतात आणि न्यूट्रोफिल या श्वेतपेशी त्यांत अडकून भिंतीतून बाहेर शिरतात. जंतूंना मारण्यासाठी असलेली त्यांची विकरे व मुक्त मूलके येथे स्वकीयांवरच चालविली जातात. श्वेतपेशींची दाटी, सूज आणि सूक्ष्म गुठळ्या यांमुळे मोठी रोहिणी मोकळी झाली असूनही काही सूक्ष्म वाहिन्यांत रक्त पोहोचतच नाही.

तिसरा टप्पा तटबंदी कोसळण्याचा. आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जंतू वास्तव्य करतात. अस्तर शाबूत असेपर्यंत ते उपद्रवी ठरत नाहीत. अस्तराला भगदाडे पडली की जंतू व त्यांची विषद्रव्ये भित्तीत आणि तेथून रक्तात शिरतात.

चौथा टप्पा दूरच्या अवयवांचा. आतड्यातील रक्त प्रथम यकृताकडे व नंतर हृदयामार्गे फुप्फुसांकडे जाते. साचलेले आम्ल, पोटॅशियम, जंतूंची विषद्रव्ये आणि चेतविलेल्या श्वेतपेशी याच मार्गाने प्रवास करतात. पोटॅशियम अकस्मात वाढल्यास हृदयाची लय बिघडते. फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्या झिरपू लागतात व श्वास कोंडतो; मूत्रपिंडेही मंदावतात. शस्त्रक्रिया पोटाची झाली असता फुप्फुसे का बिघडली, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

६. प्रायोगिक पुरावा

'ही सर्व हानी मुळात रक्तखंडाचीच असून ती केवळ उशिरा दिसते', असा आक्षेप घेता येईल. तो तपासण्यासाठी पार्क्स व ग्रेंजर यांनी १९८६ मध्ये मांजराच्या लहान आतड्यावर केलेला प्रयोग उद्बोधक आहे. एका गटात आतड्याचा रक्तपुरवठा चार तास अपुरा ठेवला. दुसऱ्या गटात तो तीन तास अपुरा ठेवून शेवटचा एक तास पूर्ववत केला. एकूण अवधी सारखाच असताना, रक्त परत मिळालेल्या गटातील अस्तराची हानी अधिक होती. त्यापूर्वी १९८१ मध्ये ग्रेंजर, रुटिली व मॅककॉर्ड यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज दिल्यास रक्तखंडानंतर आतड्याच्या सूक्ष्म वाहिन्यांचे झिरपणे कमी होते, असे दाखविले होते.

तथापि या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. रक्तपुरवठा पूर्णपणे व दीर्घकाळ बंद राहिला तर बहुतेक पेशी रक्तखंडातच मरतात; रक्त परतल्यावर आणखी नष्ट होण्यासारखे फारसे उरत नाही. दुसऱ्या टोकाला, २००८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढून टाकावयाच्या मानवी आतड्याच्या तुकड्याचा अभ्यास केला. अर्ध्या तासाच्या रक्तखंडानंतर इजा झालेल्या पेशी झडून गेल्या आणि रक्त परतल्यावर दोन तासांत उरलेल्या पेशींनी पसरून अस्तर पुन्हा अखंड केले.

या दोन्ही टोकांचा एकत्र विचार केल्यास आतड्याच्या बाबतीत काळाचे तीन पट्टे संभवतात. पहिल्या पट्ट्यात आतडे स्वतःच सावरते. तिसऱ्या पट्ट्यात ते मृत झालेले असते व कापून काढण्यावाचून गत्यंतर नसते. मधल्या पट्ट्यात ते जिवंत असते, वाचविण्याजोगे असते, आणि नेमक्या याच पट्ट्यात पुनःप्रवाह इजेचा वाटा सर्वांत मोठा असतो. पूर्ण रक्तखंडात साधारण सहा तासांनंतर हानी अपरिवर्तनीय होते, असे वैद्यकीय ग्रंथांत नमूद असते. अंशतः खंडात हा अवधी वाढतो. पट्ट्यांच्या सीमा सर्व रुग्णांत सारख्या नसतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

७. एक समांतर उदाहरण : ढिगाऱ्याखालील रुग्ण

उपनगरवासीयांना परिचित असलेल्या एका आपत्तीतून हेच तत्त्व अधिक स्पष्ट होईल. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिम येथील सिद्धिसाई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेत एखाद्याचा पाय तुळईखाली तासन् तास दबलेला असतो. तो शुद्धीवर असतो, बोलत असतो. तुळई उचलल्यावर मात्र काही वेळातच कोसळतो. १९४१ मध्ये बायवॉटर्स व बील यांनी लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखाली सापडलेल्या चार रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुटका झाल्यानंतर काही दिवसांनी ते मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले होते. दबलेल्या स्नायूंत साचलेली द्रव्ये रक्त परतताच सर्व शरीरात पसरतात, हे त्याचे कारण होय.

या अनुभवातून शिकून दबलेल्या व्यक्तीला शक्य असल्यास भार उचलण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करावे, असे बचाववैद्यक सांगते. ढिगाऱ्याखालचा पाय डोळ्यांना दिसतो, आवळलेले आतडे दिसत नाही. पण 'मोकळे करण्यापूर्वी तयारी' हे सूत्र दोन्हींस लागू आहे.

८. उपचारांची दिशा

पुनःप्रवाह इजा होते म्हणून रक्त परतू देऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. रक्ताविना मृत्यू निश्चित आहे. प्रश्न एवढाच की ते केव्हा आणि कोणत्या तयारीने परतावे.

शस्त्रक्रियेपूर्वी व शस्त्रक्रियेच्या वेळी सलाईन, प्राणवायू व प्रतिजैविके देऊन, रक्तातील पोटॅशियम व आम्लता तपासून शरीर या लोंढ्यासाठी सज्ज केले जाते. आतडे मोकळे केल्यानंतर शल्यविशारद ते कोमट सलाईनमध्ये भिजविलेल्या कापडात गुंडाळून काही मिनिटे थांबतात. रंग गुलाबी होतो का, त्याला जोडलेल्या पडद्यात नाडी लागते का, टिचकी मारल्यावर ते आकुंचन पावते का, हे पाहून ठेवायचे की काढायचे याचा निर्णय होतो. शंका राहिल्यास चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पोट पुन्हा उघडून पाहिले जाते. हे दुसरे ऑपरेशन म्हणजे पहिल्याच्या चुकीची कबुली नव्हे. दरम्यान आतड्याचा कोणता भाग सावरला व कोणता गेला, हे पाहण्याचा तो नियोजित उपाय आहे.

पीळ पडलेले मोठे आतडे पूर्णपणे कुजलेले आढळल्यास पीळ न सोडविताच, कमीत कमी हाताळून, ते काढावे असा शल्यशास्त्राचा संकेत आहे. पीळ सोडविला तर त्यातील विषारी रक्त शरीरात जाईल, हा त्यामागील विचार. पुनःप्रवाह इजेचे तत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात किती खोल रुजले आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

औषधांच्या बाबतीत मात्र प्रगती मंद आहे. झँथीन ऑक्सिडेजला रोखणारे ॲलोप्युरिनॉल, मुक्त मूलके शमविणारी द्रव्ये, श्वेतपेशींना अडविणारी प्रतिपिंडे यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत आशा निर्माण केली. परंतु आतड्याच्या रुग्णांसाठी सर्वमान्य उपचार म्हणून त्यांपैकी एकही अद्याप स्थिरावलेला नाही. एक कारण उघड आहे. प्रयोगात औषध रक्तखंडापूर्वी किंवा रक्त परतण्याच्या क्षणी देता येते. रुग्ण मात्र किती तास उलटून गेल्यावर येईल, हे कोणाच्या हाती नसते. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज व राइमर यांनी कुत्र्याच्या हृदयाला आधी अल्पकाळाचे छोटे रक्तखंड दिल्यास पुढील मोठा खंड ते अधिक चांगला सोसते, असे दाखविले. या पद्धतीचा उपयोग नियोजित शस्त्रक्रियांत होऊ शकेल. मध्यरात्री अडकलेल्या हर्नियाला तिचा लाभ नाही.

९. उपनगरांच्या संदर्भात

औषध उपलब्ध नसेल तर उरतो तो काळ. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या परिसरात डॉक्टर नाहीत असे म्हणता येणार नाही. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर यांसारखी महापालिकेची रुग्णालये व अनेक खासगी रुग्णालये येथे आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही राज्यात सुरू आहे. तरीही वेळ जातो, आणि तो बहुधा घरातच जातो.

त्याची कारणे सामाजिक आहेत. ओझी वाहणारा कामगार जांघेतील गाठ वर्षानुवर्षे लपवितो, कारण ऑपरेशन म्हणजे बुडालेली मजुरी. जांघेच्या दुखण्याविषयी स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत. दुखू लागले की अपचन समजून ओवा, सोडा किंवा औषधाच्या दुकानातील गोळी घेतली जाते. वेदनाशामक इंजेक्शनने रात्र निभावते, पण आतला फास सैल होत नाही. एरवी लेकरांसाठी आतडे तुटणारी माणसे स्वतःच्या आतड्याकडे मात्र दुर्लक्ष करतात.

म्हणून पुढील लक्षणे प्रत्येक घरात माहीत असावीत. पूर्वी आत जाणारी गाठ आत जाईनाशी होणे, ती कडक व दुखरी होणे. पोट फुगून उलट्या होणे, शौच व वारा दोन्ही बंद होणे. हृदयाची लय अनियमित असणाऱ्या व्यक्तीचे पोट अकस्मात असह्य दुखणे, मात्र हात लावून पाहता पोट मऊ वाटणे. अशा वेळी काही खाऊ-पिऊ नये, गाठ जोराने आत ढकलू नये, आणि जेथे शल्यविशारद व शस्त्रक्रियागृह आहे अशा रुग्णालयात थेट जावे. दुखणे कधी सुरू झाले ती वेळ डॉक्टरांना अचूक सांगावी. रुग्ण कोणत्या पट्ट्यात आहे याचा अंदाज बांधण्यास ती उपयोगी पडते. ज्यांना हर्निया असल्याचे माहीत आहे त्यांनी तो अडकण्यापूर्वीच सवडीने शस्त्रक्रिया करून घेण्याविषयी सल्ला घ्यावा.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की पुनःप्रवाह इजा हा रक्ताचा दोष नसून विलंबाचा परिणाम आहे. प्राणवायू तोच असतो. तो कोणत्या अवस्थेतील पेशीला भेटतो यावर त्याचे तारक वा मारक होणे अवलंबून राहते. शस्त्रक्रियेनंतरच्या बिघाडाला दर वेळी शस्त्रक्रियाच कारणीभूत नसते, हे समजल्यास रुग्णाचे नातेवाईक व डॉक्टर यांच्यातील अविश्वास काही अंशी तरी कमी होईल. मुक्त मूलकांना जिंकणारे औषध प्रयोगशाळेतून येईल तेव्हा येवो. तोवर मधल्या पट्ट्यातील रुग्णाला वाचविण्याचे सर्वांत प्रभावी साधन घरातील माणसांच्याच हाती आहे, आणि ते म्हणजे वेळेवर घराबाहेर पडणे.